जाड प्लेटला मोठं भोक कसं पाडायचं: मार्किंगपासून शेवटच्या कानशीपर्यंत

१२ किंवा २० मिमीचं भोक पाडायला कुणाला विचारावं लागत नाही. मशीनला बिट लावलं की काम सुरू. पण भोक १०० मिमीच्या पुढचं आणि प्लेट २० मिमीच्या वरची असली की नवा माणूस थबकतो. एक जण सांगतो गॅसनं काप, दुसरा म्हणतो लेथवर चढव, तिसरा होल-सॉ (कडेला दाते असलेला डब्यासारखा कटर) आणायला पाठवतो. तिघंही बरोबर असतात, फक्त आपापल्या कामापुरते. कुठल्या कामाला कुठली पद्धत धरायची हे मात्र कुणी बसून सांगत नाही, आणि त्यापायी प्लेट वाया जाते, गॅस जातो, कधी कधी हातापायावर बेततं. भोसरीत फॅब्रिकेशनच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. नवी मुलं दर वेळी तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा ओळीनं लिहितो.

आकडे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून उदाहरण एकच धरू. २५ मिमी जाडीची माइल्ड स्टीलची प्लेट, आयएस २०६२ या भारतीय मानकाची ई२५० ग्रेड. तिच्यातून १५० एनबीचा (एनबी: नॉमिनल बोअर, नावापुरतं माप), म्हणजे आपण ज्याला सहा इंची म्हणतो तो पाइप आरपार न्यायचा आणि दोन्ही बाजूंनी वेल्ड करायचा. तुमचं माप वेगळं असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

१. भोकातून काय जाणार ते आधी ठरवा

सगळा निर्णय इथे होतो. पाइप घालून वेल्ड करायचा असेल तर एका बाजूला एक-दीड मिमी मोकळीक चालते, आणि गॅसनं कापून ग्राइंडरनं साफ केलेलं भोक पुरतं. नुसतं हात घालायचं किंवा केबल न्यायची खिडकी असेल तर तेवढंही नको. पण त्याच भोकात बेअरिंग बसणार असेल तर गोष्टच वेगळी. १५० मिमीच्या भोकाला एच७ फिट (ड्रॉइंगवर लिहितात तो अचूकतेचा दर्जा) म्हणजे शून्य ते ०.०४० मिमी एवढीच सवलत. ते काम टॉर्चचं नाही, लेथचं किंवा बोरिंगचं (आधीचं भोक टूलनं कापत मापात आणणं). म्हणून ड्रॉइंग हातात आल्यावर भोकाचा व्यास नंतर वाचा, त्याच्या शेजारी लिहिलेला टॉलरन्स, म्हणजे मापातली सवलत, आधी वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा. अंदाजानं काम सुरू करू नका.

आता मापाचा सापळा. १५० एनबी पाइपचा बाहेरचा व्यास १५० मिमी नसतो. शेड्यूलचा (भिंतीची जाडी शेड्यूल नंबरनं सांगतात तो) पाइप असेल तर तो १६८.३ मिमी असतो. आयएस १२३९ चा, म्हणजे बाजारात बी क्लास, सी क्लास म्हणून मिळणारा पाइप असेल तर १६५.१ मिमी. दोन्हींना दुकानदार सहा इंचीच म्हणतो. १०० एनबीला दोन्हीकडे ११४.३ मिमीच आहे, त्यामुळे लहान कामात हा फरक जाणवत नाही आणि मोठ्या कामात अचानक दगा देतो. कोष्टकावर विसंबू नका. प्रत्यक्ष बसवायचा तोच पाइप घ्या, आणि व्हर्नियर किंवा कॅलिपर लावून तीन-चार दिशांनी मोजा. पाइप थोडा अंडाकृती असतोच, टोकाला तर जास्तच. सगळ्यात मोठं माप धरायचं.

आपण शेड्यूलचा पाइप धरू. १६८.३ अधिक मोकळीक, म्हणजे तयार भोक १७१ मिमी.

२. ही प्लेट कापायची परवानगी आहे का ते बघा

सुटी प्लेट स्टँडवर पडली असेल तर प्रश्न नाही. पण उभ्या स्ट्रक्चरमध्ये, कॉलमच्या वेबमध्ये किंवा गर्डरमध्ये भोक पाडायला सांगितलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेलं ड्रॉइंग मागा. साइटवर कुणीतरी बोटानं दाखवतं, 'इथे पाड', आणि निघून जातं. त्या बोटावर कापायचं नाही. प्रेशर व्हेसल आणि बॉयलरच्या शेलला तर तपासणी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय हातच लावायचा नाही. तिथे भोकाभोवती रिइन्फोर्समेंट पॅड, म्हणजे मजबुतीची जादा प्लेट, लागतो का, हे गणितानं ठरतं.

टाकी किंवा ड्रम असेल तर आत आधी काय होतं ते विचारा. डिझेल, ऑइल, थिनर ठेवलेली टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, आणि टॉर्च लावली की स्फोट होतो. अशी टाकी धुऊन, आतला गॅस तपासून, लेखी परवानगी मिळाल्याशिवाय कापायची नाही.

कागद हवेत ते असे:

- टॉलरन्ससह ड्रॉइंग. निदान मापं लिहिलेला आणि ज्याचं काम आहे त्याची सही असलेला कागद.
- प्लेटचं टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे एमटीसी. ग्रेड कळली तरच पद्धत ठरते.
- कुणाच्या कारखान्यात जाऊन काम करत असाल तर हॉट वर्क परमिट, म्हणजे आगीच्या कामाची लेखी परवानगी.
- प्लेट बाहेर कापायला पाठवत असाल तर 'जॉबवर्कसाठी' असं लिहिलेलं डिलिव्हरी चलन.

एमटीसी नसेल तर निदान तीन गोष्टी तपासा. चुंबक लावून बघा. ग्राइंडर टेकवून ठिणग्या बघा: माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि कमी फाटे असलेल्या, कार्बन जास्त असेल तर फाटे दाट फुटतात. आणि कानस ओढून बघा; कानस घसरत असेल तर ती साधी प्लेट नाही. स्टेनलेस, ॲल्युमिनियम आणि बीड साध्या गॅसनं कापता येत नाही. गॅस कटिंगमध्ये लोखंड नुसतं वितळत नाही, ते ऑक्सिजनमध्ये जळतं. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर धरतो, तो सहजी वितळत नाही आणि जळणं तिथेच थांबतं. मग पोरगं अर्धा तास टॉर्च धरून बसतं आणि प्लेटला नुसता खड्डा पडतो.

३. पद्धत निवडा

आपल्या पाइपच्या कामाला माझं उत्तर सरळ आहे. सुटी प्लेट असेल आणि जवळ प्रोफाइल कटिंगवाला (मशीनवर प्लेट हव्या त्या आकारात कापून देणारा) असेल तर त्याच्याकडे द्या. प्लेट जागेवर वेल्ड झालेली असेल तर सर्कल अटॅचमेंट (टॉर्च केंद्राभोवती गोल फिरवणारा जोड) लावून गॅसनं कापा. जिथे आगीला मनाई आहे तिथे चेन ड्रिलिंग, म्हणजे रेषेवर ओळीनं भोकं पाडून चकती सोडवणं. आणि अचूक फिट हवा असेल तर यातल्या कशानंही भोक लहान काढून घ्या, मग बोरिंग करा.

मॅग्नेटिक ड्रिल (चुंबकानं प्लेटला चिकटणारं) आणि ॲन्युलर कटर (मधून पोकळ) ही फार चांगली जोडी आहे. ५०-६० मिमीपर्यंतची भोकं तिच्याइतकी झटपट आणि स्वच्छ दुसऱ्या कशानं होत नाहीत, कारण ती सगळं पोलाद चुरा करत बसत नाही, नुसती कडा कापते आणि मधली चकती अख्खी बाहेर टाकते. पण १०० मिमीच्या पुढे मोठं मशीन आणि महागडा कटर लागतो. एका भोकासाठी तो विकत घेण्यात अर्थ नाही. एकाच मापाची पन्नास भोकं असतील तर जरूर विचार करा.

एक पद्धत मात्र कुणी सांगितली तरी धरू नका: ग्राइंडरला कटिंग व्हील लावून सरळ सरळ तुकड्यांनी अष्टकोन कापायचा आणि मग घासून गोल करायचा. २५ मिमीत व्हील अडकतं, ग्राइंडर उलटा उसळतो, आणि जिथे दोन काप एकमेकांच्या पुढे जातात त्या कोपऱ्यातून पुढे तडा सुरू होतो.

४. सामान जमवा

मार्किंगला: स्टीलची पट्टी, गुनिया, मोठा डिव्हायडर किंवा ट्रॅमेल (लांब दांड्याचा कंपास), स्क्रायबर, सेंटर पंच, हातोडी, सोपस्टोनचा खडू, मार्किंगची निळी.

गॅस कटिंगला: ऑक्सिजनचा काळा सिलिंडर, ॲसिटिलीनचा मरून सिलिंडर किंवा कमर्शियल एलपीजी, दोन्हींचे रेग्युलेटर, निळा आणि लाल होज, दोन्ही लाइनींना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत मागे होजमध्ये जाऊ न देणारा), टॉर्च, सर्कल अटॅचमेंट, नोझल साफ करायच्या पिना, स्पार्क लायटर. नोझल गॅसप्रमाणे बदलतं. ॲसिटिलीनचं नोझल एलपीजीला लावून चालत नाही. घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर या कामाला वापरणं बेकायदेशीर आहे, आणि त्याचा घरगुती रेग्युलेटर तेवढा दाब देतही नाही.

अंगावर: सुती कपडे, चामड्याचे हातमोजे आणि एप्रन, सेफ्टी शूज, पाच नंबरचा गॅस कटिंगचा गॉगल. पॉलिएस्टरचा शर्ट घालून टॉर्च हातात घेऊ नका. ठिणगी पडली की ते कापड वितळून कातडीला चिकटतं. पँटची घडी वर दुमडलेली नको आणि पँट बुटाच्या आत खोचलेली नको, दोन्हीकडे ठिणग्या साठतात. याच्या उलट, ड्रिलवर काम करताना हातमोजे काढून ठेवायचे. फिरत्या स्पिंडलनं मोजा पकडला तर हात आत ओढला जातो.

५. मार्किंग: अर्धं काम इथेच होतं

प्लेटवरचा गंज, रंग आणि मिल स्केल (रोलिंगची काळी पापडी) कापायच्या रेषेच्या आजूबाजूला ३०-४० मिमी तरी घासून काढा. गॅल्व्हनाइज्ड प्लेट असेल तर जस्त काढलंच पाहिजे. त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री ताप भरतो.

दोन मध्यरेषा गुनियानं आखा आणि त्या भोकाच्या बाहेर १००-१२५ मिमीपर्यंत लांब ओढा. छेद मिळतो तिथे सेंटर पंच खोल मारा. सर्कल अटॅचमेंटची पिन याच खळग्यात फिरणार आहे, त्यामुळे तिथे ५ मिमीचं छोटं भोक पाडून घेतलं तर आणखी बरं.

आता दोन वर्तुळं काढा. पहिलं १७१ मिमीचं, तयार भोकाचं. दुसरं त्याच केंद्रावरून १८१ मिमीचं, साक्षीचं. नवी मुलं हे दुसरं वर्तुळ टाळतात. पण विचार करा: भोक पडलं की चकती खाली जाते आणि तिच्याबरोबर केंद्रही जातं. पहिली रेषा कापण्यात आणि घासण्यात जाते. मग भोक जागेवर आहे की २ मिमी सरकलंय, हे कशावरून तपासणार? साक्षीचं वर्तुळ शिल्लक असेल तर भोकाच्या कडेपासून त्याच्यापर्यंत सगळीकडे ५ मिमी यायला हवेत. पट्टी लावली की लगेच कळतं.

दोन्ही वर्तुळांवर दर १०-१५ मिमीवर हलका पंच मारा. खडूची रेषा ज्योतीखाली उडते आणि निळी जळते, पंचाचे ठिपके मात्र गॉगलमधूनही दिसतात. एमटीसीवाली प्लेट असेल तर तिचा हीट नंबर (पोलाद कुठल्या ओतीतलं ते सांगणारा) चकतीत किंवा कापात जात नाही ना, हेही आत्ताच बघा.

६. गॅसनं कापणं

प्लेटखाली दोन्ही बाजूंना आधार द्या आणि कापाच्या बरोबर खाली मोकळी जागा ठेवा. खाली उघडं काँक्रीट नको. गरम स्लॅग, म्हणजे कापातून गळणारी वितळलेली मळी, पडला की काँक्रीटमधला ओलावा वाफ होऊन फुटतो आणि कपच्या उडतात. जाड पत्रा किंवा वाळूचा ट्रे ठेवा. शेजारी अग्निशामक आणि एक माणूस हवा, आणि काम संपल्यावरही त्यानं निदान अर्धा तास तिथेच थांबायचं.

सिलिंडर उभे, साखळीनं बांधलेले. ॲसिटिलीनचा तर आडवा करून वापरायचाच नाही. ऑक्सिजनच्या कुठल्याही जोडाला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लावू नका, दाबातला ऑक्सिजन तेलाला पेटवतो. जोड घट्ट करताना लक्षात ठेवा, फ्युएल गॅसचे आटे उलटे असतात. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती बघा. दाब किती ठेवायचा ते नोझलच्या कंपनीच्या तक्त्यात असतं, तो तक्ता भिंतीवर चिकटवून ठेवा. २५ मिमीला ऑक्सिजन साधारण अडीच-तीन किलो (चौरस सेंमीला) लागतो. ॲसिटिलीन पाव किलोच्या आसपास पुरतं, आणि ते एक किलोच्या वर कधीही न्यायचं नाही. त्यापुढे ते स्वतःच अस्थिर होतं.

अटॅचमेंटची त्रिज्या अशी काढा. तयार भोकाची त्रिज्या ८५.५. ग्राइंडिंगला १ मिमी सोडा, राहिले ८४.५. कापाची रुंदी साधारण २ मिमी असते, तिचा अर्धा म्हणजे १ मिमी आणखी आत. पिनपासून नोझलच्या मध्यापर्यंत ८३.५ मिमी ठेवा. बरेच जण ८५.५ लावतात, भोक मोठं होतं आणि मग वेल्डिंगवाल्याला फट भरत बसावी लागते. आधी भंगाराच्या तुकड्यावर एक छोटा काप घेऊन तुमच्या नोझलचा काप खरंच २ मिमी येतो का, ते मोजून घ्या.

सुरुवात रेषेवर करू नका. आरपार छिद्र पाडताना तिथला भाग वेडावाकडा फाटतो. म्हणून चकतीच्या बाजूला, रेषेपासून १२-१५ मिमी आत सुरुवात करायची आणि तिथून वळत रेषेवर यायचं. नव्या माणसानं तर त्या जागी १२ मिमीचं भोक ड्रिलनं पाडून घ्यावं. त्यानं निम्मी कटकट संपते.

ड्रिल नसेल तर टॉर्चनंच पाडावं लागतं. एक जागा लालभडक होऊन ओलसर चमकायला लागेपर्यंत तापवा. मग नोझल १०-१५ मिमी वर उचला, किंचित तिरकं करा आणि ऑक्सिजनचा खटका हळूहळू दाबा. एकदम दाबला तर वितळलेला स्लॅग सरळ वर उडून नोझलमध्ये शिरतो, ज्योत फटकन विझते आणि नोझल साफ करत बसावं लागतं. स्लॅग एका बाजूला उडायला लागला की थोडं थोडं दाबत जा. ठिणग्या वर यायच्या थांबून खालून पडायला लागल्या की आरपार झालं. आता नोझल सरळ करा, आतल्या निळ्या शंकूंची टोकं प्लेटपासून २-३ मिमी वर राहतील इतकं खाली आणा आणि पुढे निघा.

आपल्या वर्तुळाचा परीघ सव्वापाचशे मिमीच्या आसपास आहे. हातानं २५ मिमी कापताना मिनिटाला साधारण ३०० ते ४०० मिमी वेग मिळतो, म्हणजे प्रत्यक्ष काप दीड-दोन मिनिटांचा. सगळा वेळ तयारीत जातो, आणि तो जायलाच हवा. वेग बरोबर आहे की नाही ते कान सांगतो: कापड फाडल्यासारखा सलग आवाज यायला हवा. आवाज तुटक झाला, ठिणग्या मागे फेकल्या जायला लागल्या, की तुम्ही फार पुढे पळताय आणि खालपर्यंत काप पोचत नाहीये. थांबा, खटका सोडा, तीच जागा पुन्हा तापवा आणि तिथून सुरू करा. उलट, वरची कड वितळून गोल व्हायला लागली आणि खाली स्लॅगचे गोळे लटकले तर फार हळू चाललाय.

अटॅचमेंट फिरवताना होज पायात येतात, म्हणून ज्योत न पेटवता एक अख्खी फेरी मारून बघा. शरीर कुठे वळेल, हात कुठे अडेल, मध्ये पकड कुठे बदलायची, हे आधी कळलेलं बरं.

चकतीचं वजनही लक्षात घ्या. दर चौरस मीटरला दर मिमी जाडीमागे ७.८५ किलो, या हिशोबानं आपली चकती सव्वाचार किलोच्या जवळ जाते. लालबुंद, धारदार कडेची आणि सव्वाचार किलोची ही वस्तू पायावर पडली तर बूटही पुरणार नाही. भोक उभ्या प्लेटमध्ये किंवा डोक्यावर असेल तर चकतीला आधी एक हूक किंवा रॉड वेल्डचा टाका मारून लावून घ्या, शेवटचे १०-१५ मिमी राखून ठेवा, दुसऱ्यानं पकडलं की मगच ते कापा.

टॉर्चच्या आत शिट्टीसारखा आवाज आला आणि ज्योत आत गेली तर तो फ्लॅशबॅक. टॉर्चवरचा ऑक्सिजन आधी बंद, लगेच फ्युएल गॅस बंद, मग दोन्ही सिलिंडर बंद. कारण सापडेपर्यंत पुन्हा पेटवायचं नाही.

कापल्यावर पाणी ओतून थंड करू नका. कड आधीच थोडी कडक झालेली असते, पाण्यानं आणखी होते. ईएन८ सारख्या जास्त कार्बनच्या प्लेटला तर केसासारखे तडे जातात. अशी प्लेट कापण्याआधीही तापवून घ्यावी लागते.

७. आग चालत नसेल तर चेन ड्रिलिंग

वेळखाऊ, पण कुठेही जमणारं. १२ मिमीचं बिट धरा. भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येणार त्याचा व्यास: १७१ वजा १२, वजा दोन्ही बाजूंचा एकेक मिमी, म्हणजे १५७. त्यावर ३९ भोकं बसतात. डिव्हायडर १२.६ मिमीवर लावून चालत जा, शेवटी थोडा फरक उरला तर तो तीन-चार भोकांत वाटून टाका. दोन भोकांमध्ये अर्धा-पाऊण मिमीची भिंत राहते. ती हवीच. भोकं एकमेकांत घुसली तर बिट शेजारच्या भोकात घसरतं आणि मोडतं.

प्रत्येक ठिकाणी नीट पंच, आधी ५ मिमीचं पायलट, मग १२. एक आड एक भोक पाडत जा आणि कटिंग ऑइल सोडत राहा. सगळी झाली की मधल्या भिंती छिन्नीनं दोन्ही बाजूंनी तोडा. चकती सुटल्यावर कड करवतीच्या दात्यांसारखी दिसते. ती ग्राइंडरला गोल स्टोन लावून, मग अर्धगोल कानशीनं रेषेपर्यंत आणा. घाई केली तर इथेच भोक अंडाकृती होतं.

८. होल-सॉ आणि कटर: आरपीएम सांभाळा

एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) दात्याला माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला २५ मीटरच्या आसपासची चाल मानवते. आरपीएम काढायला चालीला ३१८ नं गुणा आणि मिमीतल्या व्यासानं भागा. ५० मिमीला १५९ येतात, १०० ला ८०, आणि १७१ ला जेमतेम ४६. साध्या बेंच ड्रिलचा सगळ्यात कमी वेग चारशेच्या आसपास असेल तर १७१ च्या होल-सॉची कड मिनिटाला दोनशे मीटरहून जास्त धावते. दाते निळे पडतात आणि पहिल्या दहा मिमीतच काम संपतं. दोष होल-सॉचा नसतो.

रेडिअल ड्रिलवर वेग मिळत असेल तर बायमेटल होल-सॉ २५ मिमी कापतो. त्याच्या कापात चुरा अडकतो, हा खरा त्रास. यावर उपाय सोपा आहे: रेषेला आतून चिकटून, चकतीच्या बाजूला, ८-१० मिमीची एक-दोन भोकं आधीच आरपार पाडून ठेवा. चुरा त्यातून खाली पडत राहतो. अर्धं एका बाजूनं, मग पायलटच्याच भोकावरून प्लेट उलटून अर्धं दुसऱ्या बाजूनं कापा.

मॅग्नेटिक ड्रिल वापरत असाल तर त्याची साखळी बांधल्याशिवाय बटण दाबायचं नाही. वीज गेली की चुंबक सुटतो, आणि आपल्याकडे वीज सांगून जात नाही. चुंबकाखाली रंग किंवा चुरा असला तरी पकड कमी होते. काप संपताना चकती गरमागरम खाली सुटते, तिच्याखाली कुणी उभं नको.

९. अचूक भोक हवं असेल तर

गॅसनं भोक लहान काढताना एका बाजूला ३ ते ५ मिमी राखा. टर्नरला सांगा की हे गॅस-कट आहे. वरची साल कडक असते, तिच्यावर बारीक काप घेतला तर टूल घासून बोथट होतं. पहिला काप कार्बाइडनं सालीच्या खालून घ्यायचा असतो.

प्लेट लेथवर चढते का, हे कर्णानं ठरतं. ४०० बाय ४०० च्या प्लेटचा कर्ण ५६६ मिमी होतो. स्विंग, म्हणजे लेथवर फिरू शकणारा सगळ्यात मोठा व्यास, त्याहून मोठा हवा, नाहीतर गॅप-बेडचा (चकजवळ बेडमध्ये खाच असलेला) लेथ शोधा. फोर-जॉमध्ये (चार जबड्यांच्या चकमध्ये) धरा, साक्षीच्या वर्तुळावर ट्रू करा, म्हणजे केंद्रात आणा, तोल बघा, वेग कमी ठेवा. लेथवर बसत नसेल तर बोरिंग मशीन किंवा मोठं मिलिंग.

१०. बाहेरून कापून घेताना

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठेही प्रोफाइल कटिंगवाले सापडतात. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी प्लेट टेम्पोत घालून निघू नका. डीएक्सएफ फाइल (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग) द्या आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: भोक १७१ तयार माप आहे की त्यावर मशीनिंग होणार आहे. कापाच्या रुंदीची भरपाई त्यांचा ऑपरेटर सॉफ्टवेअरमध्ये करतो. तुम्ही फाइलमध्येही धरलीत तर दोनदा होते.

ऑक्सी-फ्युएल, प्लाझ्मा की लेझर, ते विचारून घ्या. प्लाझ्माचं भोक थोडं निमुळतं येतं, वर आणि खाली माप वेगळं. वेल्डिंगच्या पाइपला चालेल, बोल्टच्या भोकाला खटकेल. प्लेटच्या जाडीपेक्षा लहान व्यासाची भोकं प्लाझ्मावर किंवा गॅसवर मागू नका, ती ड्रिललाच ठेवा. आणि सुरुवातीचं छिद्र चकतीच्या बाजूलाच यायला हवं, हे शब्दांत सांगा.

११. कड साफ करणं आणि तपासणं

स्लॅग हातोडीच्या टोल्यानं सुटला तर काप चांगला झाला समजा. चिकटून बसला असेल तर छिन्नीनं काढा, मग ग्राइंडर. कापाच्या भिंतीवरच्या रेघा जवळजवळ उभ्या दिसायला हव्यात. कुठे खोल खाच पडली असेल तर तिला नुसतं झाकू नका. घासून उथळ करा, फार खोल असेल तर वेल्डनं भरून मग घासा. वर-खाली दोन्ही कडांना कानशीनं अर्धा मिमी तोड द्या, नाहीतर पाइप सरकवताना बोटं कापतात.

माप तीन दिशांनी घ्या, वरून आणि खालून. साक्षीच्या वर्तुळापर्यंतचे ५ मिमी चारी बाजूंना जुळतात का बघा. मग बसवायचा पाइपच एकदा घालून बघा, फिरवून. कुठे अडला तिथे खडूची खूण करा आणि तेवढंच घासा. वेल्ड होणार असेल तिथे तेल किंवा प्रायमर लावू नका. वेल्ड लगेच होणार नसेल तर कड कोरड्या कापडानं पुसून झाकून ठेवा.

चकती थंड झाली की भंगारात फेकण्याआधी तिच्यावर ग्रेड, जाडी आणि हीट नंबर पंचानं मारून रॅकवर ठेवा. १६५ मिमीच्या आसपासची, २५ मिमी जाडीची गोल चकती एंड प्लेटला किंवा पुढच्या वेळी काप तपासून बघायला हमखास लागते.